शेऱ्याचा रकाना

बिशपांच्या कचेरीतून पत्र आलंय:
स्मरणिकेसाठी आपल्या मंडळीचा प्रारंभीचा इतिहास
पाठवावा. एक पान. शक्यतो टाइप करून.
रणनवरे सरांनी ते माझ्यापुढे सरकवलं,
म्हणाले, वागळे इस्टेटला एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलंत,
जुन्या वह्यांची तुम्हालाच सवय.

लोखंडी कपाट उघडलं.
वरच्या खणात मेणबत्त्यांची थुटकं, नाताळचा तारा, वायर तुटलेला.
खालच्या खणात नोंदवही.
वाळवीनं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत
एकच भोक पाडलंय, पारसिकच्या बोगद्यासारखं सरळ.
डोळा लावला तर पलीकडचा उजेड दिसतो.

तेव्हा धर्मप्रांत नवा होता.
विलायतेत कुणी नकाशावर शिसपेन्सिल फिरवली
आणि घाट, बंदरं, कधी न पाहिलेली गावं
एका माणसाच्या झग्याखाली आली.
त्यात आमचं ठाणं म्हणजे टिंब,
टिंबात एक कौलारू खोली, खोलीत दोन बाकं
आणि उपदेशक गमालिएल तुकाराम.
हिवतापातही त्याचं अक्षर हललेलं नाही.
लिहितो: आज साहेब बिशप येणार. दृढीकरणास नऊ जण तयार.
आणि त्याखाली: भरती हुकली.

एवढंच.
खाडीकाठच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.
पडाव गाळात कुशीवर पडला असेल,
साहेबांच्या पांढऱ्या झग्याला चिलटं,
चेंदणीच्या पोरांना फुकटचा तमाशा.
शेवटी दोघा कोळ्यांनी खांद्यावर घेऊन
धर्मप्रांताला काठावर आणलं
(हे माझं. वहीत नाही).

वहीत आहे ती यादी.
नाव, वय, बापाचं नाव, धंदा, शेरा.
आठ जणांपुढे शेरा: हस्तस्पर्श झाला.
नववी सोनी. वय अदमासे चाळीस.
बापाचं नाव वाळवीनं खाल्लं.
धंदा मिठागर.
शेरा: गैरहजर.

पुढच्या भेटीच्या यादीत ती नाही.
मृतांच्या पानांवर नाही, लग्नाच्या नाही.
मी तीनदा पाहिलं, बोट ठेवून.

स्टोअरमध्ये एक नियम होता:
आवक आणि जावक एकाच दिवशी तपासायची.
म्हणून खर्चाचं पान काढलं, तीच तारीख.
पडावभाडं सव्वादोन रुपये.
कोळी दोन, खांद्याचे, चार चार आणे.
तेल, वात, साहेबांना दूध.
आणि तळाशी, दाटीवाटीनं, जसं नंतर आठवून लिहिलेलं:
पेटी डोईवर आणणारी बाई, एक आणा.
पेटीत कोऱ्या नोंदवह्या दोन.

खुर्चीत टेकलो.
बाहेर रिक्षावाले स्टेशन स्टेशन ओरडत होते.
कंबरभर गाळ, ओहोटीचा वास,
डोक्यावर शिसवीची पेटी,
आत हीच वही असेल, अजून कोरी,
आणि प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा
ती विहिरीवर पाय धूत असेल.
तसल्या पायांनी आत कशी जाणार?
किंवा गेलीही असेल दारापर्यंत.
किंवा ती बाई दुसरीच कुणी, सोनी घरी तापानं पडलेली.
पुरावा नाही. ऑडिटला हे चालायचं नाही.

रणनवरे सर म्हणाले, तुमची ही मिठागरवाली गाळा,
पानात मावत नाही,
पायाभरणी घ्या, घंटा घ्या, पाळकांची नावं घ्या क्रमानं.
त्यांचंही खरं आहे. एकच पान.
घंटा घेतली. नावं घेतली.

पान पाठवून आलो, वही पुन्हा खाली ठेवली,
डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या.
फक्त गैरहजर या शब्दाशेजारी
एक टिंब केलंय,
शिसपेन्सिलीनं, पुसता येईल असं.